स्तांदाल सिंड्रोम : कलेचा झटका, की फ्लॉरेन्सची जाहिरात?

आडगल्ली (धागाकर्ता)

व्हॉट्सॲपवर एक पोस्ट अधूनमधून फिरत असते, 'जगातला सर्वात सुंदर आजार'. इटलीतल्या फ्लॉरेन्समधली चित्रं-शिल्पं इतकी देखणी आहेत म्हणे की बघणाऱ्याला घेरी येते, छाती धडधडते, काही जणांना तर भास होतात. खाली बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या व्हीनसचा फोटो आणि हात जोडलेले इमोजी. वाचणारे हळहळतात की आपण एवढे रसिक नाही. माझं मत स्पष्ट आहे : हा कलेचा आजार नाही. प्रवासाचा, एकटेपणाचा आणि आधीपासून असलेल्या दुखण्याचा हा आजार आहे. त्याला कलेची झूल पांघरली, की शहराचंही भलं होतं आणि लेखकांचंही.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. स्तांदाल हे फ्रेंच कादंबरीकार आंरी बेल याचं टोपणनाव. इटलीच्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १८१७ साली आलं. त्यात तो फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये जातो. तिथे मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली, गॅलिलिओ यांच्या कबरी आहेत. एका साधूला सांगून तो निक्कोलिनी चॅपेल उघडून घेतो आणि मान मागे टाकून छतावरची व्होल्तेरानोची भित्तिचित्रं बघत बसतो. बाहेर पडतो तेव्हा छातीत धडधडतंय, अंगातला जीव गेल्यासारखा वाटतोय आणि आपण पडू की काय या भीतीने तो चालतोय.

पुढे १६० वर्षं हा निव्वळ साहित्यातला उतारा होता. मग फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ ग्रात्सिएला मागेरिनी यांनी १९७७ ते १९८६ या काळात आलेल्या १०६ पर्यटक रुग्णांचा अभ्यास केला, १९८९ साली पुस्तक काढलं आणि या प्रकाराला स्तांदालचं नाव चिकटलं.

आता आकड्यांकडे बघा. दहा वर्षांत १०६, म्हणजे वर्षाला दहा-अकरा. तेही फ्लॉरेन्ससारख्या ठिकाणी, जिथे उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. यातल्या बऱ्याच जणांनी आधी कधी ना कधी मानसोपचार घेतलेले. बहुतेक जण एकटे फिरणारे, परदेशी. इटालियन जवळपास नाहीतच. सौंदर्यच जर माणसाला पाडत असेल तर इटालियनांना काय डोळे नाहीत?

आणि खुद्द स्तांदाल. तो त्या चर्चमध्ये १८११ सालीही गेला होता आणि तेव्हाची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. तिथे काय लिहिलंय? की मी थकून मेलो होतो, पाय सुजले होते आणि नवे बूट चावत होते. कोसळण्याची भीती वगैरे छापील पुस्तकात आली. मेडिकल सिंड्रोमचा पाया हा असा.

डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकात, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही नाही. चर्चा करू या.

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

बोरूबहाद्दर

आडगल्लीराव, रोजनिशीतलं अर्धंच वाक्य सांगितलंत. बूट चावत होते असं लिहून स्तांदाल पुढे म्हणतो की एवढ्याशा त्रासाने माणूस प्रत्यक्ष देवाचं वैभवसुद्धा धड बघू शकणार नाही, पण लिंबोच्या चित्रापुढे मी तो त्रास विसरलो. ते चित्र ब्रोंझिनोचं. येशू पाताळात उतरून अडकलेल्या आत्म्यांना बाहेर काढतोय, असा विषय. म्हणजे सुजलेले पाय विसरायला लावणारं चित्र होतं ते! तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटतोय की.

मी कोल्हापूरकडचा. चित्रकला शिकवून पोट भरतो. आमच्या मुलांनी मायकेलअँजेलोचा डेव्हिड आधी पुस्तकात बघितलेला असतो, तळहाताएवढा. प्रत्यक्षात तो १७ फूट उंच आहे. आयुष्यभर तळहाताएवढी बघितलेली वस्तू एकदम तीन मजुरांच्या उंचीची होऊन समोर उभी राहिली तर शरीर काही बोलणारच नाही होय? आणि ज्याला चित्र काढता येतं त्याला दुप्पट. हा हात कसा वळवला असेल, इथं छिन्नी कशी लावली असेल, असं तो स्वतःच्या मनगटात बघत असतो.

एक खरी गोष्ट सांगतो. १८६७ साली रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की बायकोबरोबर स्वित्झर्लंडमध्ये बासेलला उतरला. तिथल्या संग्रहालयात होल्बाइनचं 'थडग्यातला मृत ख्रिस्त' आहे. लांबट, अरुंद फळी, तिच्यावर आडवं पडलेलं प्रेत, हिरवट पडत चाललेलं. दस्तयेव्हस्की त्याच्यासमोर खिळून उभा राहिला. बायकोने पुढे लिहून ठेवलंय की त्याच्या चेहऱ्यावर तीच भेदरलेली कळा आली होती, जी फीट यायच्या आधी येत असे. तिने त्याला हाताला धरून बाजूला नेऊन बसवलं. फीट आली नाही, पण निघायच्या आधी त्याने परत जाऊन ते चित्र बघितलंच. आणि ते चित्र काही 'सुंदर' नाही हो. बघवत नाही ते.

आडगल्ली

बोरूबहाद्दर, दस्तयेव्हस्कीला अपस्मार आधीच होता. बासेलच्या चित्राने तो दिला नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभार.

बोरूबहाद्दर

आधीच होता हे खरं. पण त्या दिवशी त्या दालनात इतरही पुष्कळ चित्रं टांगलेली होती, त्यांच्यापुढे काही झालं नाही. 'आधीच होता' म्हटलं की चित्र सुटलं, असं नाही होत राव.

शेवंता_पुणे

दादा, मी युरोप टूर्स घेऊन जाते, इटली वर्षातून अनेकदा. जमिनीवरची माहिती देते, मग तुम्ही खुशाल भांडा.

आमच्या ग्रुपमध्ये फ्लॉरेन्सला लोकांना घेरी येते. दर सीझनला येते. कारणं सांगू? रात्री रोममध्ये झोप झालेली नसते, सकाळी सहाला बॅगा बाहेर. हॉटेलच्या नाश्त्यात 'आपल्यासारखं काही नाही' म्हणून दोन बिस्किटांवर भागवलेलं. बस लांब उभी करावी लागते, तिथून चालत. बीपीची गोळी हातातल्या पर्समध्ये न ठेवता मोठ्या बॅगेत, आणि मोठी बॅग बसमध्ये. बाथरूम सापडणार नाही या भीतीने पाणी न प्यायलेलं. जुलैचं ऊन. त्यात कोणीतरी हौसेने डुओमोच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, घुमटावर चढतं. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वर गेल्यावर छातीत धडधडतं ते घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीमुळे नव्हे.

बोत्तिचेल्लीपुढे आमचं कोणी पडलेलं नाही. तिथे आम्ही मुळात चार मिनिटं थांबतो, त्यात तीन मिनिटं फोटो.

ओपीडीनंतर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

शेवंताताईंचं निरीक्षण मागेरिनींच्या निरीक्षणाशी जुळतं. त्यांच्याकडे जपानी पर्यटक जवळपास आलेच नाहीत आणि त्याचं एक कारण असं सांगितलं जातं की ते घट्ट बांधलेल्या ग्रुपमध्ये फिरायचे. एकट्याला चित्रापुढे अर्धा तास हरवून जायची मुभाच नाही. त्रास झाला तो मुख्यतः एकट्यादुकट्या, तरुण किंवा मध्यमवयीन, बरंच वाचून आणि मनात पुष्कळ काही योजून आलेल्या लोकांना.

पण आडगल्ली, 'आधीपासून आजार होता, म्हणून कलेचा संबंध नाही' ही तुमची उडी मला मान्य नाही. आमच्या शास्त्रात जवळपास कोणताच झटका एका कारणाने येत नाही. कोणाचा बाळंतपणानंतर तोल जातो, कोणाचा परीक्षेच्या आदल्या रात्री, कोणाचा सलग तीन रात्री जागरण झाल्यावर. या सगळ्यांत आधीची प्रवृत्ती असतेच. म्हणून बाळंतपणाचा संबंध नाही असं आपण म्हणत नाही.

मागेरिनींचे रुग्ण काय सांगत होते ते बघा. १०६ पैकी सुमारे दोन तृतीयांशांना सायकोसिसची लक्षणं होती : भास, कोणीतरी पाळत ठेवतंय असा संशय, आजूबाजूचं जग खरं नाही असं वाटणं. उरलेल्यांपैकी बहुतेकांना भावनांचा उद्रेक : अतोनात उदासी, अपराधी भाव, किंवा उलट टोकाची धुंदी. निव्वळ धडधड-घाबरं होणं, म्हणजे ज्याला आपण पॅनिक म्हणतो, असे अगदी थोडे. म्हणजे घुमटाच्या पायऱ्या चढून दम लागलेल्यांची ही यादी नव्हे. विश्रांती, थोडी औषधं आणि फ्लॉरेन्सच्या बाहेर पडणं, एवढ्यावर बरेच जण लवकर सावरले.

दुसरं, मागेरिनी स्वतः मनोविश्लेषणाच्या परंपरेतल्या. 'चित्र सुंदर, म्हणून माणूस पडला' असं त्यांचं म्हणणंच नाही. आत दडपलेलं काहीतरी त्या कलाकृतीमुळे उघडं पडतं, असं त्या मांडतात. याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रॉइडच. १९०४ साली तो भावाबरोबर अथेन्सला अक्रोपोलिसवर उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं, म्हणजे हे खरंच आहे तर, शाळेत शिकलो तसं! त्या विचित्र अविश्वासाने त्याला इतकं छळलं की ३२ वर्षांनी, फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँला लिहिलेल्या जाहीर पत्रात त्याने त्याचा उलगडा केला. वडील गरीब व्यापारी, त्यांना इथवर कधी येता आलं नाही, आणि आपण आलो, त्याचा अपराधी भाव. अक्रोपोलिस निमित्त होतं, पण हे दुसऱ्या कुठल्याही टेकडीवर झालं नसतं.

आडगल्ली

डॉक्टर, मग त्याला 'प्रवासात उद्भवलेला अल्पकालीन सायकोसिस' म्हणा ना. हे निदान तुमच्याकडे आहेच. कादंबरीकाराचं नाव कशाला? जेरुसलेममध्येही असंच होतं. तिथे लोक स्वतःला बायबलमधलं पात्र समजायला लागतात, हॉटेलच्या चादरी गुंडाळून रस्त्यावर उपदेश करतात. पॅरिसमध्ये उलटं, कल्पनेतलं पॅरिस सापडत नाही म्हणून जपानी पर्यटक कोलमडतात. त्यालाही पॅरिस सिंड्रोम म्हणतात. प्रत्येक गावाला स्वतःचा सिंड्रोम हवाय. उद्या आग्र्याचा निघेल.

चहाबाज

आग्र्याचा आधीच आहे. पेठा खाल्ल्यावर होतो.

ओपीडीनंतर

जेरुसलेमचं उदाहरण काढलंत ते बरं झालं, कारण तिथले आकडे तुमच्या बाजूचे आहेत आणि माझ्याही. १९८० ते १९९३ या काळात सुमारे १,२०० पर्यटक तिथल्या क्फार शाउल रुग्णालयाकडे पाठवले गेले, ४७० दाखल झाले. त्यांत आधीचा कोणताही मानसिक आजार न सापडलेले, 'शुद्ध' म्हणावेत असे, फक्त ४२. त्या ४२ बद्दलही इस्रायलमधल्याच इतर मानसोपचारतज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत. तेव्हा बहुतेकांना आधीचं दुखणं होतं हे कबूल. पण त्यांना झालेला भ्रम काही कुठलाही नव्हता. कोणी संदेष्टा झाला, कोणी बायबलमधला योहान. आजार आपला असतो, पण त्याला कपडे ते ठिकाण घालतं. मला नावाची गरज तिथे वाटते.

सुएझपार

मी बरीच वर्षं जर्मनीत आहे. लिहू की नको असं करत होते, पण 'पाणी प्यायलं नाही म्हणून' हे वाचून राहवलं नाही.

फ्लॉरेन्सला सान मार्कोचा मठ आहे. फ्रा अँजेलिको तिथलाच साधू. एकेका खोलीत, म्हणजे साधूंच्या कोठडीत, त्याने आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींनी भिंतीवर चित्रं काढली आहेत. वरच्या मजल्यावर जाण्यासाठी एक जिना आहे. तो चढताना वळणावर मान वर केली की समोर भिंतभर देवदूत आणि मेरी. मला त्याची काहीच कल्पना नव्हती, मी खालच्या दालनानंतर बाहेर जायचा रस्ता समजून वर गेले होते. पाय लटपटायला लागले. तिथेच पायरीवर बसले आणि रडले, बराच वेळ. दुःख कसलंच नव्हतं. उठून पुढे गेले तर प्रत्येक कोठडीत तेच. शेवटी एका पहारेकरी बाईंनी येऊन खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता परत गेल्या. त्यांना सवय असावी.

आडगल्ली, तुमच्या माहितीसाठी : नाश्ता पोटभर झाला होता, बूट जुने होते, ऑक्टोबर होता, मनोविकाराचा इतिहास नाही, आणि स्तांदालचं नाव तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं. त्यामुळे कुणाचं वाचून नक्कल केली असंही म्हणता येणार नाही.

आडगल्ली

सुएझपार, तुमच्या अनुभवावर मी एका शब्दानेही शंका घेत नाही. उलट तो वाचून सान मार्को माझ्या यादीत गेलं. पण मला सांगा, याला 'सिंड्रोम' म्हटलेलं तुम्हाला चालेल? तुम्ही पायरीवर बसून रडलात, उठलात, बाकीच्या कोठड्या बघितल्यात. रुग्ण कोण आहे यात?

ओपीडीनंतर

इथे मी आडगल्लींच्या बाजूने. या धाग्यात आणि एकूणच इंटरनेटवर दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबल्या जातात. एक, सुएझपार यांचं रडणं. अंगावर काटा, घशात आवंढा, पाय लटपटणं. हे निरोगी माणसाला होतं. संगीत ऐकताना काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं हे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लोकांनी २०११ साली स्कॅन करून दाखवलं आहे. दुसरी गोष्ट, मागेरिनींचे रुग्ण. त्यांना आपण कोण हे कळेनासं झालं होतं.

उदाहरण देते. २००९ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एक केस छापली. ७२ वर्षांचा चित्रकार, आयुष्यभर फ्लॉरेन्सला जायचं स्वप्न. पोंते वेक्कियो पुलावर उभा असताना त्याला पॅनिक अटॅक आला, वेळेचं भान सुटलं. मग विमान कंपन्या आपल्यावर नजर ठेवून आहेत, हॉटेलच्या खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रं बसवली आहेत, असं वाटू लागलं. हळूहळू, काही आठवड्यांत ओसरलं. हे वाचून कुणाला 'सुंदर आजार' म्हणावंसं वाटत असेल तर त्यांनी एकदा आमच्या वॉर्डात यावं.

आणि तिसरी एक गोष्ट त्याच पिशवीत टाकतात. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात व्हीनसच्या चित्रासमोर एका पर्यटकाला हार्ट अटॅक आला. जगभरच्या पेपरांत 'स्तांदाल सिंड्रोम' म्हणून मथळे. अहो, तो हार्ट अटॅक होता. योगायोगाने तिथे चित्र बघायला आलेले डॉक्टर होते आणि दालनात डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, होता, म्हणून जीव वाचला. ब्लॉक व्हीनसने तयार केला नाही.

तुंगभद्रा

आश्चर्य याचं वाटतं की इतके प्रतिसाद झाले आणि भरताचं नाव कुणी घेतलं नाही. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव दिले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. खिळून जाणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कंप, चेहरा उतरणं, डोळ्यांत पाणी आणि शेवटी भान हरपणं. सुएझपार यांच्या जिन्यावर यातले तीन तरी हजर होते. स्तांदालकडे चार. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्या आजीलाही 'अष्टसात्त्विक भाव दाटले' हे कळतं, त्यासाठी तिला कोणी ओपीडीत नेत नाही. युरोपला १९८९ साली जे नाव द्यावं लागलं ते आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी वर्गवारीसकट तयार होतं.

ओसरी

तुंगभद्रा, सावकाश. 'आपल्याकडे आधीच होतं' या वाक्याची मला भीती वाटते, कारण त्यानंतर सहसा विमानं येतात.

भरताचे सात्त्विक भाव हे नटाने दाखवायचे आहेत. पात्राच्या मनातली खळबळ त्याच्या शरीरावर कशी उमटेल, याची ती यादी. प्रेक्षकाने प्रेक्षागृहात बेशुद्ध पडावं अशी भरताची अपेक्षा नाही. कीर्तनातल्या आजींचा मामला भक्तीचा, तो पुन्हा वेगळा.

प्रेक्षकाबद्दल विचारायचं असेल तर नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या काश्मीरच्या अभिनवगुप्ताला विचारा. त्याने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक, निजसुखादिविवशीभाव : स्वतःच्याच सुखदुःखात इतकं गुरफटणं की समोरचं दिसेनासं व्हावं. आणखी एक विघ्न म्हणजे हे माझं, हे परक्याचं, हा अमुक काळ, हे अमुक ठिकाण, या जाणिवेत अडकून राहणं. आता स्तांदाल बघा. मी फ्लॉरेन्समध्ये आहे, माझ्या शेजारी मायकेलअँजेलोची कबर आहे, माझी छाती धडधडतेय, मी पडेन की काय. सगळं 'मी'. आमच्या काश्मिरी पंडिताने त्याला रसिक नव्हे, विघ्नग्रस्त म्हटलं असतं. व्होल्तेरानोची चित्रं राहिली बाजूला, त्या चित्रांत काय होतं हे तो उतारा वाचून कुणाला सांगता येईल का?

बोरूबहाद्दर

हे भारी आहे. विघ्नग्रस्त! पण व्होल्तेरानोच्या छतावर सिबिल आहेत, भविष्य सांगणाऱ्या बायका, हे स्तांदालने लिहिलंय बरं का. अगदीच 'मी मी' नाही.

तुंगभद्रा

ओसरी, विमानांचा टोला मान्य. पण अभिनवगुप्ताचं सोयीचं तेवढंच सांगू नका. त्याच प्रकरणात तो निर्विघ्न जाणिवेला चमत्कार म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो की त्यातून उपजणारे कंप, पुलक, उल्लुकसन हे विकारही चमत्कारच. थरथर आणि काटा प्रेक्षकाचा आहे, नटाचा नव्हे. म्हणजे शरीर हलणं हे विघ्न नाही, उलट विघ्न टळल्याची खूण आहे. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन आणि तत्त्वज्ञ हर्स्टीन यांनी १९९९ साली कला आणि मेंदू यांवर जो गाजलेला लेख लिहिला तोही 'रस' या कल्पनेला हाताशी धरूनच. तेव्हा मी काही पुष्पक विमान उडवत नव्हते.

ओसरी

कंप आणि पुलक घ्या, दिले. पण प्रलय त्या वाक्यात नाही. अभिनवगुप्ताचा रसिक थरारतो, कोसळत नाही. डॉक्टरांनी वर ज्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, त्यांच्यामधली रेषा हीच आहे असं मला वाटतं.

तुंगभद्रा

मला वाटत नाही. थरारणं आणि कोसळणं यांत फक्त प्रमाणाचा फरक आहे. सुएझपार यांच्याजागी त्या दिवशी तीन रात्री न झोपलेलं कोणी असतं तर?

ओपीडीनंतर

तुंगभद्राताई, तीन रात्री न झोपलेल्या माणसाला बसस्टॉपवरही काही होऊ शकतं. 'मी थरारले' आणि 'देवदूत माझ्याविषयी बोलतोय' यांत फरक प्रमाणाचा नसतो. दुसऱ्या वाक्यानंतर मी गोळी लिहून देते.

आडगल्ली

आणि नेमकी ती गोळी उशिरा पोचते, नावामुळे. नातेवाईक म्हणणार, छे हो, वेड वगैरे काही नाही, फार हळवा आहे आमचा, चित्रं बघून झालंय, स्तांदाल सिंड्रोम, गुगल करा. आपल्याकडे तर 'मानसोपचार' शब्द टाळायला लोक वाटेल ते निमित्त शोधतात. इतकं देखणं निमित्त आयतं मिळाल्यावर कोण सोडेल? माझा खरा राग यावर आहे. स्तांदालच्या बुटांवर नाही.

ओपीडीनंतर

माझा अनुभव बरोबर उलटा आहे. 'सायकोसिस' म्हटलं की समोरची माणसं उठून जातात. एखादं कमी भीतीदायक नाव दिलं की बसतात, ऐकतात, औषध घेतात. आमच्याकडे रुग्ण पहिल्या भेटीत टिकवणं हेच अर्धं काम आहे. कादंबरीकाराच्या नावाने तो टिकणार असेल तर मला कादंबरीकार चालतो. अधिकृत यादीत ते नाव नाही आणि नसावं, यावर आपलं एकमत आहेच. बोलीत राहू दे.

आडगल्ली

बोलीतच तर ते धोकादायक आहे. यादीत असतं तर निदान त्याला निकष तरी लागले असते.

सुएझपार

तुम्ही दोघं रुग्णाचं नाव ठरवा. माझं मला कशाचंच नाव नको आहे. मात्र वेरूळला असं का होत नाही, हा प्रश्न मला पडतो. कैलास लेणं सान मार्कोपेक्षा कितीतरी मोठं, वरून खाली खोदत आणलेला अखंड डोंगर. मी लहानपणी तीनदा गेले, शाळेची सहल आणि घरचे. मठरीचा डबा तेवढा आठवतो.

बोरूबहाद्दर

लहानपणापासून बघितलं की डोळा सरावतो. आडगल्लीरावांनी विचारलं ना, इटालियनांना डोळे नाहीत काय? आहेत, पण त्यांची शाळेची सहलपण तिथंच जाते. एकदा एकट्या जावा वेरूळला, सकाळी लवकर, सोबत कुणी नको. मग सांगा.

शेवंता_पुणे

डॉक्टर, तुमचं नावाचं भांडण चालू दे, मला कामाचं सांगा. ग्रुपमधल्या कुणाला खरंच तसं काही सुरू झालं, म्हणजे चक्कर नाही, पण 'कोणीतरी मागावर आहे' असं बोलायला लागलं, तर मी काय करायचं? माझ्यावर ४० माणसं असतात.

ओपीडीनंतर

ताई, पहिलं म्हणजे वाद घालायचा नाही. 'असं काही नाहीये हो' म्हणून समजूत घालत बसलात तर तुम्हीही त्या कटातल्या ठराल. होकारही द्यायचा नाही. 'तुम्हाला भीती वाटतेय, मी इथेच आहे' एवढं पुरे. गर्दीतून बाहेर, सावलीत, पाणी. एकटं सोडायचं नाही, हॉटेलच्या खोलीत तर अजिबात नाही, खिडक्या असतात. बाकीचा ग्रुप लोकल गाइडकडे द्या.

मग सोबतच्या माणसाला तीन गोष्टी विचारा. झोप किती झाली? कुठली औषधं चालू आहेत आणि विमानातल्या वेळेच्या गोंधळात त्यातलं काही बुडालं का? लिथियमसारखी औषधं प्रवासात हमखास चुकतात. आणि स्टेरॉइड किंवा नवीन काही सुरू झालंय का? वय जास्त असेल तर मधुमेह, ताप आणि लघवीचं इन्फेक्शन आधी डोक्यात आणा. म्हाताऱ्या माणसाचा अचानक आलेला भ्रम दहातल्या बहुतेक वेळा मेंदूबाहेरून आलेला असतो.

सावरलं नाही तर ११२ लावा. सांता मारिया नुओवा डुओमोपासून चालत काही मिनिटांवर आहे, १२८८ पासून चालू आहे. तिथे 'स्तांदाल' म्हणू नका. लक्षणं, वेळ आणि औषधांची नावं सांगा.

शेवंता_पुणे

स्क्रीनशॉट काढला. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो पुढच्या बॅचपासून फॉर्मबरोबरच मागून घेते.